‘आशियाई’ हा वंश नव्हे

‘आशियाई’ ही एक वांशिक ओळख आहे, हा समज सरकारी अर्ज, बातम्या आणि डीएनए चाचण्यांच्या जाहिराती यांतून पक्का रुजला आहे. तो चुकीचा आहे, आणि कितीदा खोडला तरी पुन्हा डोके वर काढतो. ब्रिटनमध्ये ‘एशियन’ म्हणजे बोलीत भारतीय, पाकिस्तानी, बांगलादेशी. अमेरिकेत बहुतेकांच्या मनात चिनी, जपानी, कोरियन येतात. इंग्लंड-वेल्सच्या २००१ च्या जनगणनेत चिनी लोक आशियाई गटाबाहेर होते, २०११ मध्ये ते आत आले. मधल्या दहा वर्षांत त्यांचे पूर्वज बदलले नव्हते, फक्त रकाना बदलला होता.

अमेरिकेतील भारतीयांची नोंद तर याहून बोलकी आहे. १९२० ते १९४० च्या जनगणनांत ‘हिंदू’ हा एक वंश होता आणि शीख, मुसलमानही त्यातच मोजले जात. भगतसिंग थिंद या पंजाबी शिखाने आपण आर्य, म्हणून ‘श्वेत’ असल्याचा दावा केला. सर्वसामान्य माणसाच्या समजुतीप्रमाणे ते श्वेत ठरत नाहीत, असे सांगून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२३ मध्ये तो फेटाळला. पुढे १९७० च्या जनगणनेत भारतीय ‘श्वेत’ मोजले गेले आणि १९८० मध्ये ‘एशियन इंडियन’ झाले. इराणी आणि अरब मात्र आशियातून येऊनही ‘श्वेत’च राहिले, त्यांच्यासाठी वेगळा वर्ग २०२४ मध्ये मान्य झाला. ज्याला निसर्गदत्त वंश म्हणायचे, तो असा खात्याच्या निर्णयाने बदलत नाही.

कोकणातील बेने इस्रायल या ज्यू समाजाचे उदाहरण मराठी वाचकाला जवळचे आहे. तेल गाळणारा आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारा हा समाज गावात ‘शनवार तेली’ म्हणून ओळखला जाई. पेणकर, किहीमकर, नवगावकर ही त्यांची आडनावे गावांवरून पडली. १९४८ नंतर त्यांतील बहुसंख्य इस्रायलला गेले. तेथील सांख्यिकी खात्याने ज्यू नागरिकांची वर्गवारी दीर्घकाळ मूळ खंडानुसार केली, त्यामुळे घरात मराठी बोलणारे हे लोक इराकी आणि येमेनी ज्यूंच्या शेजारी ‘आशिया’ या रकान्यात बसले. त्यांची भाषा, गाव, धर्म यांतले काहीही त्या रकान्यावरून कळत नाही.

‘आफ्रिकन म्हणजे एकच वंश’ हा ‘आशियाई’ वंशाच्या समजाचाच जुळा गैरसमज. मानवातील सर्वाधिक जनुकीय वैविध्य आफ्रिकेतच आहे.

‘खंडांमध्ये जनुकीय भिंत असते’ हेही खरे नाही. जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ मध्ये दाखवले, की मानवी जनुकीय भिन्नतेचा सुमारे ८५ टक्के भाग एकेका लोकसमूहाच्या आतच असतो.

‘डीएनए चाचणी वंश सांगते’ असे मानणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ती फक्त कंपनीकडील नमुन्यांशी साम्य मोजते.

मग हे शिक्के निरुपयोगी का? तसेही नाही. १९६८ मध्ये अमेरिकेत बर्कली येथे युजी इचिओका व एमा गी या कार्यकर्त्यांनी ‘एशियन अमेरिकन’ हे नाव पुढे आणले ते राजकीय एकजुटीसाठी, आणि नोकरी-घरातील भेदभाव मोजायला असे वर्ग आजही लागतात. पण शरीराविषयी निष्कर्ष काढायला ते अपुरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकसंख्यांच्या वजन-उंचीच्या निर्देशांकाचा अभ्यास केला. साऱ्या आशियाई लोकांना लागू पडेल अशी एकच मर्यादा उपलब्ध माहितीतून निघत नाही, असा निष्कर्ष त्याने २००४ मध्ये नोंदवला.