पाणीवाली बाई दिल्लीत गेली तेव्हा...

‘ताई, समाजकार्य करा, पण त्या राजकारणाच्या फंदात पडू नका.’ बचत गटाचं, महिला मंडळाचं काम करणाऱ्या प्रत्येकीनं हे वाक्य कधी ना कधी ऐकलेलं असतं. सांगणाऱ्याचा हेतू वाईट असतो असंही नाही. पण मैत्रिणींनो, नळाला पाणी किती दिवसांनी यायचं, रेशनवर काय मिळायचं, दवाखान्यात डॉक्टर असायचा की नाही, हे ठरतं कुठं? राजकारणातच ना! मग तिथं आपण का नको?

हा प्रश्न मनात आला की मृणाल गोरे आठवतात. २४ जून १९२८ चा त्यांचा जन्म. हुशार मुलगी, डॉक्टर होण्यासाठी शिकत होती. पण राष्ट्र सेवा दलाच्या कामात इतकी रमली की वैद्यकीय शिक्षण अर्धवट सोडलं. १९४८ मध्ये केशव ऊर्फ बंडू गोरे या समाजवादी कार्यकर्त्याशी लग्न केलं आणि दोघांनी गोरेगावात काम सुरू केलं. १९५८ मध्ये बंडू गोरे गेले. पदरात लहानगी लेक. एखादी खचून गेली असती. मृणालताईंनी काम थांबवलं नाही, उलट वाढवलं.

१९६१ मध्ये त्या मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. तेव्हा गोरेगावच्या वस्त्यांमध्ये पाण्याचे फार हाल होते. अधिकाऱ्यांकडे कागद घेऊन जायचं, उत्तर मिळालं नाही तर बायकांना घेऊन हंडा मोर्चा काढायचा आणि नळ येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही, ही त्यांची पद्धत. त्यातूनच लोकांनी त्यांना नाव दिलं ‘पाणीवाली बाई’. पदव्या पुष्कळ मिळतात हो, पण असं नाव मिळायला वस्तीत चपला झिजवाव्या लागतात!

१९७२ साल तर आपल्या मराठवाड्यातली थोरली माणसं अजून विसरलेली नाहीत. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी आणि मिलो खाऊन लेकरं जगवली. त्याच वर्षी मृणालताई आमदार झाल्या आणि त्याच वर्षी मुंबईत महागाईविरोधात बायका रस्त्यावर आल्या. अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी आणि मृणालताई, कुणी कम्युनिस्ट, कुणी समाजवादी. पण तेल, साखर, रॉकेलसाठी सगळ्या एक झाल्या. हातात लाटणी, थाळ्यांचा गजर! स्वयंपाकघराचा प्रश्न हा राज्याचा प्रश्न असतो, हे त्या लाटणं मोर्चांनी सरकारला ऐकवलं.

पुढे १९७५ ची आणीबाणी आली. मृणालताई आधी भूमिगत राहिल्या, मग तुरुंगात गेल्या. १९७७ मध्ये उत्तर मुंबईतून त्या लोकसभेवर निवडून आल्या आणि तिकडे रायबरेलीत इंदिरा गांधी हरल्या. मुंबईत घोषणा घुमली, ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात!’ मोरारजी देसाईंनी देऊ केलेलं मंत्रिपद मात्र त्यांनी घेतलं नाही. १९८५ मध्ये त्या पुन्हा विधानसभेत आल्या. गर्भलिंग चाचणीवर बंदी यावी म्हणून त्यांनी सभागृहात आवाज उठवला. १९८८ मध्ये महाराष्ट्रानं तसा कायदा केला, देशात सर्वांत आधी. केंद्राचा कायदा आला १९९४ मध्ये. आणि तरीही २०११ च्या जनगणनेत आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली होत्या फक्त ८०७! कायदा झाला की काम संपत नाही, हेच खरं.

अशीच एक बाई सातासमुद्रापार होऊन गेली, एलेनॉर रॅथबोन. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात गरिबांच्या घरी जाऊन त्यांनी काम केलं. १९०९ मध्ये तिथल्या नगर परिषदेवर आणि १९२९ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये त्या निवडून गेल्या, तेही अपक्ष. लेकरांसाठीचा भत्ता आईच्याच हातात पडला पाहिजे, यासाठी त्या कित्येक वर्षं भांडल्या. १९४५ मध्ये कायदा झाला, तेव्हा मूळ मसुद्यात पैसे बापाला मिळणार होते. बाईंनी ते बदलायला लावलं. पुढच्याच वर्षी त्या गेल्या. देश वेगळा, भाषा वेगळी, पण वाट तीच! आधी वस्ती, मग नगरपालिका आणि मग संसद.

आता आपल्याकडं बघू. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात घागरी घेऊन रांगेत उभं कोण होतं? बायका आणि पोरी. पाणी कसं वाटायचं हे ठरवणाऱ्या बैठकांमध्ये मात्र बायका किती असतात? लोकसभेत नांदेडमधून १९९१ मध्ये सूर्यकांता पाटील आणि लातूरमधून २००४ मध्ये रूपाताई पाटील निलंगेकर निवडून गेल्या. पण अशी नावं बोटांवर मोजण्याइतकीच.

ग्रामपंचायतीत १९९३ पासून एक तृतीयांश आणि २०११ पासून निम्म्या जागा आपल्यासाठी राखीव आहेत. लोकसभा, विधानसभेतल्या एक तृतीयांश जागांसाठीही २०२३ मध्ये घटनादुरुस्ती झाली. पण खुर्चीवर बाई आणि कारभार ‘सरपंचपतीं’चा, हे चित्र गावोगाव दिसतं. ‘सही कुठं करू?’ एवढंच तिनं विचारायचं! हे बदलायचं तर खुर्ची मिळण्याआधी कामाची सवय हवी. मृणालताईंना दिल्ली सोपी गेली, कारण त्यांनी गोरेगावचा नळ न् नळ पाहिला होता.

आपल्या बचत गटातली बाई हिशेब ठेवते, बँकेत मॅनेजरशी बोलते, कर्ज फेडते. ती ग्रामसभेत दोन शब्द का नाही बोलू शकणार? सुरुवात तिथूनच करू या. पुढच्या ग्रामसभेला एकटीनं नको, पाच जणींनी मिळून जायचं. पाण्याच्या योजनेवर किती खर्च झाला, ते विचारायचं. उत्तर येईपर्यंत उठायचं नाही.

मृणालताई १७ जुलै २०१२ रोजी गेल्या. नागरी निवारा परिषदेच्या कामातून गोरेगावात सहा हजारांवर कुटुंबांना हक्काचं घर मिळालं, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. राजकारण चिखल आहे म्हणून काठावर उभं राहिलं, तर आपली घागर भरणार कोण, सांगा बरं?