जुन्या चुलीत नवी जाळी

खानदेशातल्या भडगाव तालुक्यात कपाशीचा हंगाम सरला की बैलगाड्या नि ट्रॅक्टर भरभरून पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, घराकडे निघतात. गिरणा नदीच्या पट्ट्यातल्या काळ्या रानात कपाशी पिकते तोवर सरपणाला पैसे मोजावे लागत नाहीत. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेचं सिलिंडर आलं, तरी चहा-भाजी गॅसवर आणि भाकरी, आंघोळीचं पाणी, सणावाराचे मांडे चुलीवर, अशी वाटणी कितीतरी घरांत पक्की झाली आहे. चूल राहणारच असेल तर तिचा धूर कमी करणं हे निकडीचं काम आहे. त्यावरचा एक साधा उपाय भडगावातल्या एका घरी बसवताना जवळून पाहिला. जुनी मातीची चूल न मोडता तिच्या पोटात लोखंडी जाळी सरकवायची, इतकंच ते काम.

जाळीने काय होतं? धूर म्हणजे पुरतं न जळलेलं सरपण. लाकूड तापलं की त्यातून वायू सुटतात. त्यांना पुरेशी धग आणि हवा मिळाली तर त्यांची ज्योत होते, नाही मिळाली तर तेच वायू काजळी होऊन डोळ्यांत नि छातीत जातात. साध्या चुलीत पऱ्हाट्या राखेवर आडव्या पडलेल्या असतात. वरून आणि तोंडाकडून हवा मिळते, खालून मात्र कोंडमारा. म्हणून फुंकणी हातातून सुटत नाही. सरपण दोन-अडीच इंच उचललं की हवा खालून शिरते, निखाऱ्यांतून वर येताना तापते आणि जाळ आपोआप धरतो.

हा विचार नवा नाही. १९८३ पासून २००२ पर्यंत चाललेल्या राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रमात देशभर कोट्यवधी चुली बसवल्या गेल्या. पुण्याच्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या अ‍ॅप्रोप्रिएट रुरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूटने, साच्यातून घडवायची, धुराड्याची लक्ष्मी चूल गावोगावी नेली. पण पूर्ण चूल बदलायची म्हणजे स्वयंपाकाची जागा, भांड्यांची मापं आणि हाताची सवय सगळंच बदलावं लागतं. धुराडं वेळच्या वेळी झाडलं नाही तर ते काजळीने तुंबतं आणि धूर पुन्हा घरात फिरतो. उदयपूरच्या बाजूला ‘मेवाड अंगीठी’ म्हणून जी जाळी निघाली, तिने वेगळी वाट धरली. बाईची चूल तीच ठेवायची, बदल फक्त आतल्या आगीत करायचा. भडगावची जाळी याच वाटेवरची.

काम सुरू होतं मापापासून. चुलीच्या तोंडाची रुंदी, आतली खोली आणि तव्याच्या बुडापासून जमिनीपर्यंतची उंची, ही तीन मापं घेतल्याशिवाय वेल्डरकडे जाऊन उपयोग नाही, कारण हाताने थापलेल्या दोन चुली कधी सारख्या नसतात. वेल्डरने तीन सुती सळई कापली, दोन आडव्या पट्ट्यांवर बोटभर अंतराने तुकडे जोडले आणि चार पाय लावले. पातळ पत्रा किंवा बारीक तार इथे टिकत नाही, रोजच्या धगीने वाकते.

जाळी चुलीच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन्ही बाजूंनी सूतभर कमी ठेवली होती. फूटभर लांबीची सळई तापून लाल झाली की दोनेक मिलिमीटर वाढते. घट्ट बसवली तर ती मातीची भिंत फोडून काढते.

आता दुसरी अडचण. जाळी जितकी उचलली तितका जाळ तव्याच्या जवळ येतो. ज्योतीला वर वाढायला जागा उरली नाही की ती थंड बुडाला लागून अर्धवट विझते आणि भांडं काळं करते. म्हणून चुलीचे काठ आणि भांडं टेकायचे तिन्ही उंचवटे दोन-अडीच इंच चढवावे लागले. इथे मातीची पारख लागते. खानदेशची काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. त्यामुळे गाळाची माती, गव्हाचा भुसा आणि शेण एकत्र मळून रात्रभर मुरवलं, मगच थर दिला आणि तो सावलीत वाळू दिला.

जाळी आत सरकवून पाहिली तेव्हा घरच्या मावशींनी विचारलं, “मंग भाकर कोठे शेकू?” साऱ्या कामातला सर्वांत मोलाचा प्रश्न हाच होता. ज्वारीची किंवा कळण्याची भाकरी तव्यावरून उतरली की चुलीच्या तोंडाशी निखाऱ्यांसमोर उभी करून फुगवतात. जाळी थेट तोंडापर्यंत आली तर निखारे फटींतून खाली पडणार आणि भाकरी कच्ची राहणार. वेल्डरने जाळी पुढून वीतभर कापली. जाळ मागे जाळीवर आणि ओढून घेतलेले निखारे पुढे मातीवर, अशी सोय झाली. मांडे भाजायचं मातीचं खापर चढवायचं असेल तेव्हा जाळ चुलीभर पसरावा लागतो. त्या दिवशी जाळी चिमट्याने ओढून बाहेर काढता यावी म्हणून ती मातीने लिंपली नाही, सुटीच ठेवली.

पहिल्या जाळाला काड्या पेटतानाचा धूर झालाच. निखारा धरल्यावर मात्र ज्योत स्वच्छ झाली, फुंकणी बाजूला पडली आणि पाण्याचं पातेलं नेहमीपेक्षा लहान मोळीत उकळलं. तरी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, जाळीने धूर कमी होतो, नाहीसा होत नाही. छपराजवळ झरोका हवा, लेकरू कडेवर घेऊन चुलीपुढे बसणं टाळायला हवं, आणि जाळीखालची राख रोज सकाळी काढायलाच हवी. राख साचली की हवेची वाट बंद होते आणि चूल पुन्हा पहिल्यासारखी धुमसते.

सळई, वेल्डर आणि माती प्रत्येक बाजाराच्या गावात मिळतात. कमी पडतं ते माप घेणं आणि ऐकून घेणं. सुधारित चुली वाटणाऱ्यांनी गाडीत चुली भरण्याआधी मोजपट्टी घेऊन चुलीपुढे बसावं आणि तिथे रोज बसणारीला विचारावं, भाकरी कशी शेकता? त्या उत्तराप्रमाणे जाळी कापली, तर ती अडगळीत न पडता चुलीतच राहील.