फिट येण्यामागचा जंत

फिट आली की कुणी चप्पल हुंगवतं, कुणी भगताकडे नेतं, असं आम्ही वस्त्यांत पाहतो. पण अनेकदा मेंदूत फीतकृमीची अळी असते. हा जंत पसरलेल्या भागांत फिटच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत कारण हेच, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

डुकराचं मटण खाणाऱ्यांनाच हा आजार होतो, हे खरं नाही. अर्धवट शिजलेल्या मटणातून जंत आतड्यात वाढतो. त्या माणसाच्या शौचातून पडलेली अंडी हातावरून, पाण्यातून, भाजीवरून कुणाच्याही पोटात जातात आणि अळ्या मेंदूत पोचतात. म्हणून शाकाहारी घरातही तो सापडतो. उघड्यावरची तीच घाण डुकरं खातात आणि चक्र फिरत राहतं.

मेलबर्न विद्यापीठात शोधलेली डुकरांची लस आता हैदराबादेत बनते. लस आणि ऑक्सफेंडाझोल औषध मिळून डुकरांतला हा जंत थांबतो, हे नेपाळमधल्या चाचणीत दिसलं.

आपण मटण पूर्ण शिजवू, भाजी आणि हात धुऊ, वस्तीत संडास मागू. फिट आल्यास कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, नंतर सरकारी दवाखान्यात न्या. फिट येणाऱ्याला जंताची गोळी मनाने देऊ नका. मेंदूला सूज येऊ शकते.