चाळीस वर्षांपूर्वींची धूळ

रोग म्हटला कीं त्याचें कारण आपण नजीकच्या दिवसांत शोधतों. परवां पावसांत भिजलों म्हणून आज पडसें आलें, काल बाहेरचें कांहीं खाल्लें म्हणून आज पोट बिघडलें, असा आपला नेहमींचा हिशेब असतो. परंतु असाहि एक रोग आहे कीं, त्याचें बीज शरीरांत शिरल्यानंतर वीस, तीस, कित्येकदां चाळीस-पन्नास वर्षें त्याची चाहूलहि लागत नाहीं. तो प्रगट होतो तेव्हां नोकरी सुटलेली असते, कारखाना कदाचित् बंद पडलेला असतो, आणि मूळ कारण खुद्द रोग्याच्या स्मरणांतूनहि गेलेलें असतें. वैद्यकांत या रोगाला मेसोथेलिओमा म्हणतात. ॲस्बेस्टॉसच्या धुळीपासून होणारा हा कर्करोग आहे.

ॲस्बेस्टॉस हें कांहीं तंतुमय खनिजांचें सामुदायिक नांव आहे. दगडासारखा टिकाऊ, तरी कापसासारखा पिंजतां आणि विणतां येणारा, आणि आगींत न जळणारा, असा हा विलक्षण पदार्थ. त्यामुळें बॉयलर व वाफेच्या नळ्या यांवरील वेष्टणें, जहाजें, आगगाडीचे डबे, मोटारींचे ब्रेक आणि घरांवरील सिमेंटचे पत्रे या सर्वांत त्याचा शिरकाव झाला. व्यापारांत त्याचे मुख्य प्रकार तीन: पांढरा, तपकिरी आणि निळा. निळ्या व तपकिरी जातींचे तंतू सरळ, सुईसारखे असून फुफ्फुसांत वर्षानुवर्षें टिकतात. या रोगाच्या दृष्टीनें ते सर्वांत घातक. पांढऱ्याचा धोका त्यांच्याहून कमी, पण तोहि निर्दोष नव्हे. कर्करोगसंशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनें सर्वच जाती कर्करोगकारक ठरविल्या आहेत.

आपल्या फुफ्फुसांभोवतीं एक पातळ, दुपदरी आवरण असतें. असेंच आवरण पोटांतील इंद्रियांभोवतीं आणि हृदयाभोवतींहि असतें. श्वासावाटे आंत गेलेले सूक्ष्म तंतू फुफ्फुसांच्या टोकांपर्यंत आणि तेथून या आवरणापर्यंत पोंचतात. शरीरांतील रक्षक पेशी त्यांना गिळूं पाहतात, पण लांब तंतू त्यांच्यानें गिळवत नाहीं. मग तेथें दाह सुरू होतो आणि तो शमत नाहीं. या दीर्घ दाहांत आवरणाच्या पेशींतील आनुवंशिक द्रव्याला इजा होत होत अखेर एखादी पेशी बेबंद वाढूं लागते.

स्थानावरून या रोगाचे प्रकार पडतात. बहुसंख्य रोग्यांत तो फुफ्फुसांच्या आवरणाला होतो. त्याहून पुष्कळ कमी लोकांत पोटाच्या आवरणाला. हृदयाच्या किंवा वृषणाच्या आवरणाला तो क्वचितच होतो. सूक्ष्मदर्शकाखालीं पेशींच्या आकारावरूनहि तीन भेद करतात. एका प्रकारांत पेशी त्वचेच्या अस्तरासारख्या दिसतात. हाच अधिक आढळतो आणि त्यांतल्या त्यांत उपचारांना दाद देतो. दुसऱ्यांत त्या चातीसारख्या लांबट असतात. हा सर्वांत दुर्धर. तिसरा या दोहोंचें मिश्रण होय.

लक्षणें आरंभीं सामान्य भासतात. जिना चढतांना दम लागतो, छातीच्या एका बाजूस दुखतें, कोरडा खोकला येतो, वजन उतरतें, थकवा वाटतो. तपासणींत छातींत पाणी साचलेलें आढळतें, आणि तें काढलें तरी पुनः भरतें. रोग पोटांत असल्यास पोट फुगतें व दुखतें, आणि भूक मंदावते. आपल्या देशांत छातींतील पाणी म्हटलें कीं प्रथम क्षयाची शंका येते, आणि ती योग्यच असते. परंतु क्षयाच्या औषधांनीं उतार पडत नसेल, तर दुसरें कारण शोधलेंच पाहिजे.

या रोगाचा उलगडा नेमका असाच झाला. दक्षिण आफ्रिकेंत किंबर्लीच्या पश्चिमेस निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. त्या भागांतून येणाऱ्या कांहीं रोग्यांना क्षयाच्या उपचारांनीं गुण येईना. वॅग्नर, स्लेग्स आणि मार्चंड या डॉक्टरांनीं त्यांचा पूर्ववृत्तांत खणून काढला आणि १९६० सालीं ३३ रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. एकाचा अपवाद सोडतां सर्वांचा ॲस्बेस्टॉसशीं संबंध लागला. नवल हें कीं, त्यांत खाणकामगारांखेरीज गृहिणी होत्या, गुराखी होते, शेतकरी होते. खाणींच्या परिसरांत बालपण गेलें, एवढाच पुष्कळांचा अपराध!

पुढें १९६५ सालीं लंडन येथें मॉली न्यूहाउस व हिल्डा थॉम्प्सन या विदुषींनीं अशा ७६ रोग्यांची चौकशी केली. ३१ जणांनीं ॲस्बेस्टॉसचें काम केलें होतें. आणखी ९ जणांनीं तें केलें नव्हतें. पण त्यांच्या घरांतील कोणी तरी करीत होतें. नवऱ्याचे धुळीनें माखलेले कपडे झटकून धुणें, एवढाच काय तो कित्येक स्त्रियांचा त्या कारखान्याशीं संबंध. उरलेल्या ३६ पैकीं ११ जण ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यापासून अर्ध्या मैलाच्या आंत राहिलेले होते.

धूम्रपानानें मेसोथेलिओमा होत नाहीं. पण ॲस्बेस्टॉसमुळें खुद्द फुफ्फुसाचाहि कर्करोग होतो, आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या बाबतींत तो धोका अनेक पटींनीं वाढतो, हें विसरूं नये.

निदान केवळ क्ष-किरणांच्या चित्रावरून पक्कें होत नाहीं. आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. शस्त्रक्रिया, रासायनिक औषधें आणि अलीकडे शरीराची प्रतिकारशक्ति जागविणारीं औषधें यांनीं आयुष्य वाढतें व त्रास हलका होतो. परंतु रोग समूळ बरा होण्याची आशा फार थोडी. म्हणून सारी भिस्त प्रतिबंधावर आहे. ब्रिटननें १९९९ सालीं पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवरहि बंदी घातली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानें १९९५ सालीं असा आदेश दिला कीं, ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षें, किंवा नोकरी संपल्यावर १५ वर्षें, यांपैकीं जी मुदत उशिरा संपेल तोंपर्यंत राखावी. रोग किती काळ दबा धरून बसतो, याची ही जाणीवच होय.

घरावर असे पत्रे आहेत म्हणून कोणी घाबरून जाऊं नये. धड पत्र्यांतील तंतू सिमेंटांत जखडलेले असतात. धोका धुळीचा आहे. तेव्हां पावसाळ्यापूर्वींच्या डागडुजींत असे पत्रे करवतीनें कापूं नयेत, त्यांना भोकें पाडूं नयेत, ते घासूं वा फोडूं नयेत. तुटलेला पत्रा हलवावा लागला, तर आधीं ओला करावा, मुलांना दूर ठेवावें आणि चुरा कोरड्या झाडूनें झाडूं नये.

शेवटीं एक विनंति. आपल्या घरांत कोणी गोदींत, बॉयलरवर, रेल्वेच्या कारखान्यांत अथवा पत्र्यांच्या गिरणींत काम केलें असेल, तर तें कोठें व किती वर्षें केलें, हें एका कागदावर लिहून ठेवा. त्यांचे कपडे कोण धूत असे, हेंहि लिहा. पुढें कधीं कोणाला दम लागूं लागला, तर डॉक्टरांनीं विचारण्याची वाट न पाहतां तो कागद त्यांच्यापुढें ठेवा. निदानाचा धागा बहुधा त्या जुन्या दिवसांतच असतो, आणि तो आपल्यावांचून दुसऱ्या कोणाला ठाऊक नसतो.