‘नाही’ म्हणजे कोणतं नाही? टाइमझोनची लायब्ररी सापडत नाही तेव्हा

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज वेब प्रोग्रॅमिंगवर बोलणार, म्हणून काहींच्या भुवया उंचावल्या असतील. माझा अधिकार एवढाच, की निवृत्तीनंतर नातीकडून पायथन शिकलो आणि आपल्या व्याख्यानांच्या वेळा दाखवणारं पान मीच सांभाळतो.

ते पान एका संध्याकाळी बंद पडलं. जँगोची नवी आवृत्ती टाकली होती, आणि पडद्यावर एकच ओळ आली : ‘नो मॉड्यूल नेम्ड पायटीझेड’. मी घाईत होतो. लायब्ररी मागवणारी ओळच खोडली आणि न्यू जर्सीच्या श्रोत्यांसाठी साडेनऊ तासांचा फरक हाताने लिहून टाकला. पान चालू झालं. पुढे नोव्हेंबरचा पहिला रविवार आला, अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे गेली आणि फरक साडेदहा तासांचा झाला. माझ्या पानाला ते कसं कळावं? आपलं संध्याकाळी सातचं व्याख्यान तिथे सकाळी साडेआठला सुरू झालं, पान मात्र साडेनऊ सांगत राहिलं. तिथला माझा एक जुना मित्र, ऐंशीच्या घरातला, चहा घेऊन अगदी ‘वेळेवर’ बसला, तेव्हा इकडे आभारप्रदर्शन चाललं होतं. तो रागावला नाही, त्यामुळे मला ते जास्त लागलं.

माझं चुकलं ते हे, की मी ‘नाही’ एवढंच वाचलं. कोणतं नाही, हे विचारलं नाही. अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’त अभावाचे चार प्रकार सांगितले आहेत. ते इथे चांगले उपयोगी पडतात. कडक नैयायिकांनी थोडी सवलत द्यावी.

पहिला प्रागभाव. मडकं घडण्याआधी त्याचा जो अभाव असतो, तो. म्हणजे वस्तू अजून आलेलीच नाही. पायथनमध्ये ३.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२० पासून, ‘झोनइन्फो’ ही लायब्ररी सोबतच मिळते. पण तिच्याजवळ स्वतःची माहिती नसते. कुठल्या प्रदेशात घड्याळ कधी बदललं याची नोंदवही ती संगणकाकडून मागते. लिनक्स आणि मॅकवर ती सहसा असते, विंडोजवर त्या रूपात नसते. मग लायब्ररी नीट आयात होते, पण ‘एशिया/कोलकाता’ सापडत नाही अशी तक्रार येते. इथे ‘टीझेडडेटा’ हे पॅकेज बसवलं की काम झालं.

दुसरा प्रध्वंसाभाव. मडकं होतं, फुटलं. माझी चूक या जातीची. जँगो ३.२ पर्यंत पायटीझेड आपोआप बरोबर यायचं. २०२१ च्या डिसेंबरात आलेल्या ४.० ने झोनइन्फो स्वीकारलं आणि पायटीझेड आणणं थांबवलं. मी ते माझ्या गरजांच्या यादीत कधी लिहिलंच नव्हतं. शेजाऱ्याच्या विहिरीवर पाणी भरत होतो. ५.० मध्ये तर जँगोच्या टाइमझोन मॉड्यूलमधलं ‘यूटीसी’ हे नावही काढलं गेलं. ते आता पायथनच्या ‘डेटटाइम’मधून घ्यायचं. आणि बघा, नुसतं नाव बदलून भागत नाही. पायटीझेडमध्ये तारखेला प्रदेश जोडायला ‘लोकलाइज’ वापरावं लागे. ते न वापरता थेट जोडलं, तर कोलकात्याचा फरक ५ तास ३० मिनिटांऐवजी ५ तास ५३ मिनिटं लागतो, कारण तो जुना स्थानिक वेळ असतो. झोनइन्फोमध्ये ‘लोकलाइज’ नाहीच; तिथे थेट जोडणंच बरोबर.

तिसरा अन्योन्याभाव. घट म्हणजे पट नव्हे. लायब्ररी बसवलेली आहे, तरी सापडत नाही, कारण संगणकावर दोन पायथन आहेत आणि आपण भलत्याच्या घरी सामान पोचवलं. उपाय असा : नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ न म्हणता, ज्या पायथनवर पान चालतं त्याच्याच तोंडून ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ म्हणायचं. दुसरा घोटाळा याहून गमतीचा. आपणच आपल्या फाइलला ‘पायटीझेड’ असं नाव ठेवतो आणि पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी तीच उचलतो. फाइलचं नाव बदला.

चौथा अत्यंताभाव, तिन्ही काळांत नसणं. वाऱ्याला रंग नसतो, तसं. कुणी ‘एशिया/मुंबई’ लिहितं आणि पॅकेजं बसवत राहतं. ते नाव जागतिक नोंदवहीत नाही. मुंबईची वेगळी वेळ खरोखर होती, ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे, आणि शहराने ती १९५५ पर्यंत सोडली नाही. पण नोंदवही १९७० पासून ज्यांची घड्याळं सारखी चालली त्यांना सहसा एकाच नावाखाली ठेवते, म्हणून अख्ख्या भारताला ‘एशिया/कोलकाता’.

आता लक्षात घ्या, पहिल्या आणि चौथ्या अभावात संदेश जवळजवळ सारखाच येतो. फरक संदेशातल्या शेवटच्या नावात असतो. नाव बरोबर असेल तर माहिती नाही. नाव चूक असेल तर ती वस्तूच नाही. म्हणून संदेश शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. मग स्वतःला विचारा : हे कधी होतं का? कुठे आहे? कोणत्या नावाने?

आणि काहीही झालं तरी तासांचा फरक हाताने लिहू नका. फरक हा आकडा दिसतो खरा, पण त्यामागे सरकारांचे निर्णय असतात आणि ते बदलतात. वेळ यूटीसीत साठवावी, दाखवताना श्रोत्याच्या प्रदेशाच्या नावाने बदलून घ्यावी. माझं पान आता असंच चालतं. मित्राला पहिल्या व्याख्यानाआधी मी तरीही फोन केला होता. त्याच्याकडे किती वाजले ते विचारलं, आणि मग पान उघडून पाहिलं.

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.