जेलमधलं पेप्टाइड टिकवायचं कशात?

विरघळणं आणि टिकणं

पेप्टाइडचं जेल करायला घेतलं की पहिला प्रश्न असतो तो 'हे कशात विरघळेल?' हा. प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा. बहुतेक पेप्टाइडं कशात ना कशात विरघळतातच. फ्रिजमध्ये कोरडी पूड वर्षानुवर्षं राहते, कारण पुडीत रेणूंना हालचालीला वाव नसतो. द्रावकात गेल्यावर तो मिळतो आणि मोडतोडीला सुरुवात होते. म्हणून द्रावकांचा तक्ता उघडण्याआधी पेप्टाइडची साखळी वाचावी, तिच्यात कोणकोणती अमिनो आम्लं कोणत्या क्रमाने आहेत ते पाहावं. मोडण्याची जागा कळली की द्रावकाचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

साखळी कुठे मोडते

सर्वांत बदनाम जागा ॲस्पॅराजीनची. पाण्यात ते अमोनिया गमावतं आणि त्याचं ॲस्पार्टिक आम्ल होतं. लगेच पुढे ग्लायसीन असेल तर हे फार झपाट्याने घडतं. पीएच ७ च्या आसपास आणि त्यावर ही क्रिया वेगात असते, ३ ते ५ च्या पट्ट्यात मंदावते. मग पीएच खाली ओढावा, तर ॲस्पार्टिक आम्लाच्या जागी, विशेषतः पुढे प्रोलीन असेल तर, साखळीच तुटू लागते. व्यवहारात बऱ्याच पेप्टाइडांसाठी ४ ते ६ च्या मध्ये कुठेतरी तडजोड होते. ऑक्ट्रिओटाइडचं नेहमीचं इंजेक्शन लॅक्टिक आम्लाच्या बफरमध्ये ४.२ च्या आसपास ठेवलेलं असतं. बफरही निवडून घ्यावा लागतो. फॉस्फेट सर्वांच्या हाताशी असतं, पण ॲस्पॅराजीनची मोडतोड ते वाढवतं. या पट्ट्यात ॲसिटेट बरं.

मेथिओनीन, सिस्टीन आणि ट्रिप्टोफॅन यांना भीती ऑक्सिजनची. लायसीनला आणि साखळीच्या मोकळ्या अमिनो टोकाला भीती अल्डिहाइडची. काही पेप्टाइडं तुटत नाहीत, पण एकमेकांना चिकटून तंतू होतात. ग्लुकागॉन हे त्याचं ठळक उदाहरण. मधुमेहात साखर अचानक घसरली की द्यायचं हे औषध कित्येक दशकं पूड आणि पाणी असं वेगवेगळं मिळायचं, आणि घाबरलेल्या घरच्यांनी ते ऐन वेळी मिसळायचं. २०१९ साली अमेरिकेत डायमिथिल सल्फॉक्साइडमध्ये, म्हणजे डीएमएसओमध्ये, विरघळवलेलं तयार इंजेक्शन मंजूर झालं. ते जेल नव्हे, पण पाणी बाहेर काढलं की केवढा फरक पडतो हे त्यातून दिसतं.

पाणी टाळायलाच हवं असं नाही

तरीही पाण्याला सरसकट दोष देऊ नये. लॅनरिओटाइड हे आठ अमिनो आम्लांचं पेप्टाइड ॲक्रोमेगालीवर, म्हणजे वाढीच्या संप्रेरकाच्या अतिरेकावर, वापरतात. त्याच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनात, जे अमेरिकेत २००७ साली मंजूर झालं, पाणी आणि पीएच जुळवायला ॲसेटिक आम्ल एवढंच असतं. जेल घडवणारा वेगळा पदार्थ नाहीच. खूप दाट प्रमाणात हे पेप्टाइड स्वतःच रचून बसतं, सुमारे २४ नॅनोमीटर व्यासाच्या नळ्या तयार होतात आणि त्यांचंच जेल होतं. साखळी अशा रचनेत अडकली की तिला हलायला जागा कमी. ग्लुकागॉनची जी खोड, तीच इथे उपयोगी पडते. फक्त इंजेक्शन फ्रिजमध्ये ठेवावं लागतं.

पाण्याच्या जोडीला

त्वचेवरच्या जेलात साधारणपणे पाण्याबरोबर ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ब्युटिलीन ग्लायकॉल घालतात. फायदे दोन. पाण्याची रासायनिक मोकळीक कमी होते, आणि द्रावणाची विद्युत्-ध्रुवता, म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक, उतरते. २५ अंशांना पाण्याचा हा स्थिरांक सुमारे ७८, ग्लिसरीनचा ४२, प्रोपिलीन ग्लायकॉलचा ३२ आणि इथेनॉलचा २४. ॲस्पॅराजीनच्या मोडतोडीत विद्युतभार असलेली मधली अवस्था लागते. ध्रुवता उतरली की ती अवस्था जमणं अवघड होतं आणि क्रिया मंदावते.

पण इथे लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. पाच टक्के ग्लिसरीन घालून पेप्टाइड वाचवलं असं समजू नये. मुरांब्यात साखर चिमूटभर घालून भागत नाही, तसंच हे आहे. परिणाम दिसायचा तर ग्लायकॉलचं प्रमाण भरपूर लागतं. तेवढं घातलं की जेल चिकट होतं आणि कोणाच्या तरी त्वचेला झोंबतं. पाल्मिटॉइल पेंटापेप्टाइडसारखी चरबीची शेपटी जोडलेली पेप्टाइडं मात्र ग्लायकॉलशिवाय नीट विरघळतच नाहीत. त्यांच्यासाठी ग्लायकॉल आधी विरघळण्याकरता लागतं, मग टिकण्याकरता.

पॉलिइथिलीन ग्लायकॉलबद्दल मी जास्त साशंक आहे. हवेच्या संपर्कात त्यात पेरॉक्साइड साचतात आणि फॉर्माल्डिहाइडही तयार होतं. पहिलं मेथिओनीनला खातं, दुसरं लायसीनला. जुन्या, अर्ध्या रिकाम्या पिंपातला द्रावक वापरून टिकाऊपणाची चाचणी केली, तर दोष पेप्टाइडवर येतो. घ्यायचंच तर पेरॉक्साइडची मर्यादा लिहून दिलेला दर्जा घ्यावा आणि पिंपात नायट्रोजन भरून ठेवावा.

पाण्याविना जेल

प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं ल्युप्रोलाइड नऊ अमिनो आम्लांचं आहे. त्याचा द्रावकांशी असलेला इतिहास या विषयात सर्वांत शिकवणारा वाटतो. २००० साली अमेरिकेत मंजूर झालेल्या एका रोपणात ते टायटॅनियमच्या नळीत, डीएमएसओत विरघळवून, ३७ अंशांच्या शरीरात वर्षभर ठेवलं जायचं.

मग ल्युप्रोलाइडचंच २००२ सालचं इंजेक्शन, एलिगार्ड. त्यात विघटनशील पॉलिमर एन-मिथिल-पायरोलिडोन या द्रावकात विरघळवलेला असतो. तो त्वचेखाली टोचला की द्रावक उतींत पसरतो, पाणी आत शिरतं आणि पॉलिमर घट्ट होऊन त्याचा साठा बनतो. द्रावकात पाणी नसूनही पेप्टाइड मात्र दुसऱ्या सिरिंजमध्ये पूड म्हणून ठेवतात. दोन्ही सिरिंजा जोडून मिसळायचं आणि ३० मिनिटांत टोचायचं. अडचण द्रावकाची कमी आणि शेजाराची जास्त होती: पेप्टाइडचे आम्लारीधर्मी भाग पॉलिमरशी प्रतिक्रिया करत होते. २०२१ साली मंजूर झालेल्या कॅमसेव्हीत द्रावक तोच आणि पॉलिमरही त्याच घराण्यातला, पण पेप्टाइडचं लवण बदललेलं. ॲसिटेटऐवजी मेसिलेट, म्हणजे जोरकस आम्लाचं लवण, घेतल्यावर पेप्टाइड आणि पॉलिमर एकाच भरलेल्या सिरिंजमध्ये राहू शकले.

त्वचेवरच्या जेलसाठी हे द्रावक मात्र सहसा घेऊ नयेत. एन-मिथिल-पायरोलिडोन प्रजननाला घातक मानलं जातं आणि औषधातल्या अवशिष्ट द्रावकांच्या यादीत ते दुसऱ्या, म्हणजे मर्यादित वापराच्या, वर्गात आहे. डीएमएसओ त्या यादीत सौम्य वर्गात मोडतं, पण ते त्वचेतून आत जाऊन श्वासाला लसणासारखा वास देतं. चेहऱ्याच्या जेलला ते चालणार नाही.

जेलचा सांगाडा

द्रावक नीट निवडला आणि जेल घडवणारा पदार्थ चुकला, तर सगळं वाया जातं. कार्बोमर स्वस्त, पारदर्शक, देखणं. पण त्यावर ऋण भार असतो. लायसीन, आर्जिनीन असलेलं धन भाराचं पेप्टाइड त्याला चिकटतं, जेल गढूळ किंवा पातळ होतं आणि पेप्टाइड सुटत नाही. शिवाय कार्बोमर घट्ट व्हायला पीएच ६ च्या पुढे न्यावा लागतो, तेव्हा ॲस्पॅराजीन धोक्यात येतं. विनाभार हायड्रॉक्सिइथिल सेल्युलोज मी आधी आजमावेन.

ऋण भाराचा सांगाडा घ्यायचाच तर वाट आहे. मधुमेही पायाच्या जखमांसाठी १९९७ साली अमेरिकेत मंजूर झालेलं बेकाप्लर्मिन ०.०१ टक्के जेल पाहा. त्यातलं औषध पेप्टाइड नसून प्रथिन आहे, तेही धन भाराचं. सांगाडा कार्बोक्सिमिथिल सेल्युलोजचा, ऋण भाराचा. द्रावक पाणीच, ॲसिटेट बफरचं. जोडीला लायसीनचं लवण आहे. असे छोटे भारित रेणू सांगाड्यावरच्या जागा अडवतात आणि प्रथिन मोकळं राहतं. ट्यूब २ ते ८ अंशांत ठेवायची, गोठवायची नाही.

मिसळताना आणि तपासताना

जेल आधी पूर्ण तयार करावं, ४० अंशांखाली आणावं, मग थोड्या बफरमध्ये विरघळवलेलं पेप्टाइड हळू मिसळावं. जोरात घुसळलं की हवा अडकते, आणि जेलातला बुडबुडा सहज वर येत नाही. मेथिओनीन असेल तर निर्वातात मिसळणं परवडतं. धातूंचे अंश बांधायला ईडीटीए घालतात, पण तांब्याच्या पेप्टाइडात तेच तांबं काढून घेतं आणि निळा रंग फिका पडतो.

चाचणी द्रावणाची नको, ट्यूबमधल्या जेलची हवी. आपल्याकडे वैशाखात नागपूर-चंद्रपूरकडे पारा ४५ च्या वर जातो, तेव्हा दुकानापर्यंतच्या प्रवासातली ट्यूबही तपासायला हवी. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखावर शिखरांच्या रूपात दाखवणाऱ्या यंत्रावर, फक्त मूळ शिखराची उंची मोजून थांबू नये. शेजारी नव्याने उगवणारी बारीक शिखरं ऑक्सिडेशनची आहेत की ॲस्पॅराजीनच्या मोडतोडीची, हे ओळखलं तर पुढच्या फेरीत द्रावक बदलायचा, पीएच बदलायचा की पिंप, ते ठरवता येतं.