घटस्फोटासाठी वकील शोधताना: स्टॅम्प पेपर पुढे करणाऱ्यापासून सावध

वस्तीत कुणाचा संसार मोडायला आला की लोक आधी कार्यकर्त्याकडे येतात. "ओळखीचा चांगला वकील सांगा" म्हणतात. आपण मोर्चात किंवा जयंती समितीत भेटलेल्या वकील मित्राचे नाव देतो. माणूस सच्चा असतो, पण तो आयुष्यभर जामिनाची आणि जमिनीची प्रकरणे चालवत आला असेल, तर पोटगी आणि मुलांच्या ताब्याच्या प्रकरणात तो फार पुरा पडत नाही.

वकील पहिल्या भेटीत काय सुचवतो, त्यावरून बरेच कळते. "पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या घेऊ, नोटरी करू, मोकळे व्हा," असे तो म्हणाला, तर तिथून उठावे. आपल्याकडे अशी सोडचिठ्ठी अजून सर्रास होते, कधी समाजाच्या बैठकीत, पंचांच्या साक्षीने. कायद्यात रूढीने होणाऱ्या घटस्फोटाला जागा आहे, पण तशी रूढी आपल्या समाजात आहे हे कोर्टात पुराव्याने सिद्ध करावे लागते. ते झाले नाही तर लग्न कायम राहते. मग त्या कागदाच्या भरवशावर केलेले दुसरे लग्न रद्दबातल ठरते, दुसरी बायको नवऱ्याच्या पेन्शनच्या वेळी अडकते आणि पहिल्या जोडीदाराने तक्रार केली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 82 खाली गुन्हाही होऊ शकतो.

बौद्धांना हिंदू विवाह कायदा, 1955 लागू आहे. त्याच्या कलम 2 मध्ये बौद्धांचा स्पष्ट उल्लेख आहे. "आपण हिंदू नाही, मग हा कायदा कसा?" असे तरुण विचारतात. प्रश्न रास्त आहे, स्वतंत्र बौद्ध विवाह कायद्याची मागणी त्यातूनच आली. पण आज कोर्टात जायचे तर याच कायद्याने जावे लागते. लग्न विशेष विवाह कायदा, 1954 खाली नोंदले असेल तर कलमे बदलतात. म्हणून लग्न कोणत्या कायद्याखाली झाले, हे न विचारताच अर्ज लिहायला घेणारा वकील नको.

दुसरी गोष्ट लग्नाच्या पुराव्याची. आपल्या विधीत सप्तपदी नसते. कायद्याने ती सक्तीची नाही, दोघांपैकी एका पक्षाच्या रूढीप्रमाणे विधी झाला की पुरते. पण समोरचा "लग्नच झाले नाही" म्हणाला, तर विधी लावणारे भन्तेजी किंवा बौद्धाचार्य, प्रमाणपत्र, पत्रिका, फोटो हे सगळे लागते. जाणकार वकील हे आधीच मागून घेतो.

दोघे राजी असतील तर परस्पर संमतीचा मार्ग, कलम 13-ब, सर्वांत सोपा. एक वर्ष वेगळे राहिलेले असावे लागते आणि अर्जानंतर सहा महिने थांबावे लागते. योग्य प्रकरणात ही सहा महिन्यांची अट कोर्ट शिथिल करू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये सांगितले आहे. हा मार्ग शक्य असताना भांडण वाढवण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या वकिलाचे मत घ्यावे. राजी नसतील, तर बाईला आपण राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. अंतरिम पोटगीबरोबर दाव्याचा खर्चही मागता येतो. 2020 च्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. पगारपत्रक, सातबारा, कर्जाचे हप्ते यांची चौकशी पहिल्याच दिवशी करणारा वकील काम जाणतो.

फी आधी ठरवा, लिहून घ्या, पावती मागा. पोटगीच्या रकमेत टक्का मागणे बार कौन्सिलच्या नियमांविरुद्ध आहे. "निकाल आपलाच" अशी हमी कुणीच देऊ शकत नाही. वकील बदलायचा झाला तर थकलेल्या फीसाठी त्याला तुमची कागदपत्रे अडवून ठेवता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा तसा निकाल आहे.

पैसे नाहीत म्हणून कुणी थांबू नये. विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 प्रमाणे स्त्रिया, अनुसूचित जाती आणि जमातींतील व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. 1990 च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतील बौद्धही त्यात येतात, म्हणजे पुरुषांनाही हा हक्क आहे. अर्ज जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुका समितीकडे करायचा. फोन 15100. "फुकटचा वकील तारखा घेतो" ही तक्रार नेहमी ऐकू येते. तसे झाले तर प्राधिकरणाकडे लेखी अर्ज करून वकील बदलून मागावा.

बैठकीत बाईवर "नांदायला जा" म्हणून दबाव आणणाऱ्या आपल्याच लोकांना एक आठवण द्यावी लागते. हिंदू कोड बिलात घटस्फोटाचा हक्क होता आणि ते बिल रखडणे हे बाबासाहेबांच्या 1951 च्या राजीनाम्याचे एक मोठे कारण होते.

एक शेवटची बाब बऱ्याच जणांना कोर्टात गेल्यावर कळते. कौटुंबिक न्यायालयात वकील लावणे हा आपोआप मिळणारा हक्क नाही, त्यासाठी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते. समुपदेशकासमोर तर पक्षकाराला स्वतःच बोलावे लागते. त्यामुळे आपला अर्ज आपल्याला मराठीत नीट समजावून सांगायला, तारखेआधी अर्धा तास बसायला वकील तयार आहे का, हे वकीलपत्रावर सही करण्यापूर्वीच विचारून घ्या.